संगणकाचा पहारेकरी आणि त्याची उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांपुढे निवडणुकीचा फलक उभा राहतो. परंतु हा शब्द आपल्याकडे आला तो फारसीतून. 'उमेद' म्हणजे आशा, आणि आशा धरून बसलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत असे उमेदवार असत. जुन्या कारकुनाच्या हाताखाली नकला कराव्यात, तक्ते भरावेत, आणि एखादी जागा रिकामी झाली तर आपला नंबर लागेल ह्या भरवशावर महिनोन् महिने बिनपगारी राबावे, ही त्या काळची उमेदवारी. तीत दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. काम जाणणाऱ्याच्या शेजारी बसून काम शिकणे ही एक, आणि गरजू माणसाकडून फुकट काम काढून घेणे ही दुसरी. माझे बहुतेक आयुष्य कामगार चळवळीत गेले. कोठेही शिकाऊ उमेदवारीचा विषय निघाला की ह्या दोहोंपैकी येथे कोणती चालली आहे, हाच प्रश्न मी प्रथम विचारतो. आज तोच प्रश्न मला एका नव्या धंद्याविषयी विचारावयाचा आहे. तो धंदा सायबर सुरक्षेचा, म्हणजे साध्या मराठीत संगणकावरच्या पहाऱ्याचा.

आपल्यापैकी कित्येकांना वाटेल की हा पुण्याच्या हिंजवडीतला विषय. बारामती-इंदापूरच्या माणसाने त्यात कशाला लक्ष घालावे? तर आपल्या दोन तालुक्यांकडेच पाहा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, ह्यांतल्या कोणत्याही कारखान्याच्या सभासदाला विचारा, त्याचा जीव कोठे अडकलेला असतो? काट्यावर. उसाची गाडी काट्यावर चढते, तेव्हा तिचे वजन आता कोणी वहीत लिहीत नाही, ते थेट संगणकात जाते. त्यावरून बिल निघते, बिलातून सोसायटीचे कर्ज कापले जाते, आणि उरलेली रक्कम बँकेच्या खात्यावर पडते. दूध संकलन केंद्रावर फॅटचा आकडा यंत्र सांगते आणि संगणक लिहितो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने तर 2024 पासून उसाच्या फडातच संवेदक यंत्रे बसवून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने पाण्याचा आणि खताचा सल्ला देण्याचा प्रयोग चालविला आहे. शेतकऱ्याची सारी कमाई अशा रीतीने आकड्यांच्या रूपाने तारेवरून फिरू लागली आहे. जेथे माल फिरतो तेथे चोर येतो, हे सांगावयाला पंडित लागत नाही.

चोर कसा येतो, ह्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालची. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. त्या दिवशी काही तासांत जगातल्या 28 देशांतील एटीएम यंत्रांतून ह्या बँकेच्या ग्राहकांच्या नावाच्या बनावट कार्डांनी पैसे काढण्यात आले. सोमवारी, 13 तारखेला, आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या 'स्विफ्ट' यंत्रणेतून आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण रक्कम 94 कोटींच्या घरात.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. ते 'स्विच' नावाच्या एका मधल्या संगणकाला विचारते, आणि तो बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो. समजा, बाहेरचा शिपाई चिठ्ठी घेऊन आत मुख्य खजिनदाराकडे जातो आणि 'द्या' अशी सही घेऊन परत येतो. आता वाटेतल्या बोळात एक तोतया खजिनदार टेबल मांडून बसला, आणि तोच प्रत्येक चिठ्ठीवर 'द्या' अशी सही करू लागला, तर? खऱ्या खजिनदाराला चिठ्ठी आल्याचेच कळणार नाही. चोरांनी बँकेच्या संगणकांत शिरून नेमका असा तोतया स्विच बसविला होता. तिजोरी फुटली नाही, कुलूप तुटले नाही, पहाऱ्यावरच्या शिपायाला काही दिसले नाही.

पुढे पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. ही माणसे कोण होती? प्रामुख्याने बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी भाडोत्री माणसे. ज्यांनी बँकेच्या संगणकात शिरून सारा डाव रचला ते समुद्रापलीकडे राहिले. मी ह्या गोष्टीवर मुद्दाम थांबतो, कारण अशा भाडोत्री कामासाठी माणसे मिळतात ती हाताला काम नसलेल्या तरुणांतून. 'तुझे बँकखाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो' असे सांगणारे दलाल आता लहान गावांतही फिरतात. 'परदेशात संगणकावरची नोकरी' म्हणून म्यानमार-कंबोडियाला नेऊन तेथे कोंडून ठेवून फसवणुकीचे फोन करावयास लावलेल्या भारतीय तरुणांच्या सुटकेसाठी आपल्या सरकारला गेल्या काही वर्षांत खटपट करावी लागली आहे. आपल्या मुलांना ह्या क्षेत्रात चोर बोलावीत आहेत. पहारेकऱ्यांनी मात्र अद्याप नीट बोलावलेले नाही.

आता हे पहाऱ्याचे काम प्रत्यक्षात असते तरी काय? सिनेमात अंधाऱ्या खोलीत बसलेला, टोपी घातलेला, भराभर कळा दाबणारा तरुण दाखवितात. खरे काम त्यापेक्षा पुष्कळ नीरस आहे, आणि ते गिरणीतल्या कामासारखे पाळ्यांत चालते. प्रत्येक संगणक आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवीत असतो. कोण आला, किती वाजता आला, कोणते दार उघडले, काय नेले. ह्या नोंदींना 'लॉग' म्हणतात. मोठ्या बँकेत दिवसाला अशा लक्षावधी नोंदी पडतात. त्या एका जागी गोळा करावयाच्या, त्यांतल्या संशयास्पद नोंदींवर यंत्राने घंटा वाजवावयाची, आणि पहारेकऱ्याने ती घंटा खरी की खोटी हे पाहावयाचे.

समजा, एका शाखेतला कारकून रोज सकाळी सव्वादहाला कामावर येतो आणि आपला पासवर्ड घालतो. एके रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्याच नावाने कोणी आत आला. काय समजावे? कदाचित वर्षअखेरचे काम असेल आणि साहेबांनी त्याला थांबवून घेतले असेल. कदाचित त्याचा पासवर्ड चोरीला गेला असेल. नवशिका घाबरून संगणकाची वायर उपटतो. मुरलेला माणूस तसे करीत नाही. तो त्या संगणकाचे जाळ्याशी असलेले नाते तोडतो, पण संगणक चालूच ठेवतो. कारण वीज गेली की संगणकाच्या चालू स्मृतीतला चोराचा माग पुसला जातो. मग तो वरच्या अधिकाऱ्याला उठवितो, वेळ लिहून ठेवतो, आणि तोच पासवर्ड आणखी कोठे वापरला गेला ते शोधतो. भारत सरकारचे 'सर्ट-इन' नावाचे पथक 2004 पासून हे काम देशपातळीवर पाहते. त्या पथकाच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते, आणि नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. सहा तास म्हणजे एक पाळीसुद्धा नव्हे.

घंटा खरी की खोटी हे ओळखण्याची नजर पुस्तकातून येत नाही. पुस्तकाचा मला अनादर नाही. मी शाळेत फार शिकलो नाही आणि जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांवर, त्यामुळे पुस्तकाचे ऋण मला इतरांहून अधिक ठाऊक आहे. परंतु पुस्तक सांगते ते सर्व ठिकाणी सारखे असते, आणि पहारेकऱ्याला कळावे लागते ते ह्या एका घराचे वागणे. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावरचा संगणक रात्रभर चालू असतो. तोच जूनमध्ये रात्री चालू दिसला तर शंका घ्यावी. पंधरवड्याची बिले पडतात त्या दिवशी बँकेत गर्दी होणारच. हे ज्याला ठाऊक नाही त्याला एक तर प्रत्येक घंटा खरी वाटते, किंवा आठवडाभराने एकही खरी वाटेनाशी होते. दुसरी अवस्था अधिक वाईट.

इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभा केला. तेथेच पुढे साखर कारखान्यांची यंत्रे घडू लागली, सिमेंटच्या कारखान्यांची घडू लागली, आणि इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचेही तेथे घडली. उसाच्या रसापासून अग्निबाणापर्यंतचा हा प्रवास केवळ पदवीधर इंजिनियरांनी केलेला नाही. फिटर, टर्नर, वेल्डर अशा कारागिरांच्या हातांतून हाताला ते ज्ञान गेले. जोड नीट बसला की नाही हे वेल्डरला ठिणगीच्या रंगावरून आणि आवाजावरून कळते, आणि ते त्याला कोणी फळ्यावर लिहून दिलेले नसते. लॉग वाचणाराही ह्याच जातीचा कारागीर आहे, असे माझे मत आहे. त्याच्या हाताला तेल लागत नाही एवढेच.

येथे एक गोष्ट आपल्या मुलांच्या बाजूची आहे, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. कारखान्याचा बॉयलर, मिल, वीजनिर्मितीचा टर्बाइन, हे सर्व आता संगणकाच्या हुकमाने चालतात. 2010 साली 'स्टक्सनेट' नावाचा एक घातक प्रोग्राम उघडकीस आला. इराणमधल्या नतांझ येथील यंत्रे त्याने आतल्या आत बिघडविली, आणि पडद्यावर मात्र सर्व ठीक असल्याचे दाखविले. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनच्या काही भागांतली वीज अशाच हल्ल्याने गेली. अशा यंत्रांचा पहारा करावयाचा तर केवळ संगणक जाणणारा पुरत नाही. वाफेचा दाब किती असला म्हणजे बरा, हेही कळावे लागते. शहरातल्या संगणकतज्ज्ञाला ते ठाऊक नसते. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन कारखान्यात दोन हंगाम काढलेल्या आपल्या मुलाला ते ठाऊक असते. त्याला संगणकाची बाजू शिकविणे हे, संगणकवाल्याला बॉयलर शिकविण्यापेक्षा सोपे आहे.

हे शिकवावयाचे कसे, ह्यासाठी जर्मनीकडे पाहता येईल. तेथे 1997 पासून संगणकाच्या धंद्यासाठी शिकाऊ उमेदवारीचा रीतसर मार्ग आहे. तीन वर्षे मुदत. आठवड्यातील एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीत, पगारी. शिकवावयाचे काय, हे तेथे मालक आणि कामगार संघटना सरकारच्या समवेत बसून ठरवितात. एका कामगार कार्यकर्त्याला ह्या शेवटच्या वाक्याचा हेवा वाटला तर आपण समजून घ्याल.

आपल्याकडेही कायदा आहे. 1850 साली इंग्रज सरकारने केलेला पहिला कायदा अनाथ आणि गरीब मुलांना धंद्याला बांधून देण्यासाठी होता. स्वतंत्र भारताचा शिकाऊ उमेदवार कायदा 1961 सालचा. तो झाला तेव्हा डोळ्यांपुढे होते फिटर आणि टर्नर. 2014 च्या दुरुस्तीने 'ऐच्छिक व्यवसाय' ही नवी सोय झाली. त्यामुळे ठरीव यादीबाहेरच्या धंद्यांनाही उमेदवार घेता येऊ लागले. सायबर सुरक्षेचा रस्ता ह्याच दारातून जातो. 2019 च्या नियमांप्रमाणे ज्या आस्थापनेत 30 किंवा अधिक माणसे काम करतात, कंत्राटी धरून, तिला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे 120 माणसांच्या बँकेने निदान तीन उमेदवार घेतले पाहिजेत, आणि ती अठरापर्यंत घेऊ शकते. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. विद्यावेतन 2019 साली शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान 5000 ते 9000 रुपये असे ठरले. बारावी झालेल्याला 7000. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार ह्याचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500 रुपये, उचलते. हे दर 36 टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस 2025 साली केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली आहे. तेव्हा करार करताना त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा.

आता कायद्याची दुसरी बाजू. ह्याच कायद्याचे अठरावे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे; त्याला कामगार कायदे लागू नाहीत. बाविसावे कलम मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर टाकीत नाही. भरतीचे धोरण ज्याने त्याने ठरवावयाचे. ह्या दोन कलमांच्या फटीतून काय काय घडते ते मी पाहिले आहे. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, शिकाऊ म्हणून घेतलेली मुले वर्षभर एकाच ड्रिलिंग यंत्रावर उभी होती. एकाच मापाचे भोक पाडावयाला शिकण्यास किती दिवस लागतात? चार. उरलेले तीनशे दिवस ती कायम कामगाराचे काम अर्ध्याहून कमी पैशांत करीत होती. वर्ष संपले, जुनी तुकडी घरी आणि नवी तुकडी दारात. आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले की आम्ही तर देशाची सेवा करीत आहोत, तरुणांना शिकवीत आहोत.

संगणकाच्या खोलीतही असे ड्रिलिंग यंत्र असते. शिकाऊ मुलीला विसरलेले पासवर्ड बदलून देण्याच्या कामावर बसवावयाचे आणि वर्षभर तेथेच ठेवावयाचे. किंवा मुलाला प्रिंटरची शाई बदलावयास लावून वर्षाअखेरीस प्रमाणपत्रावर 'सायबर सुरक्षा' असे लिहून द्यावयाचे. त्याहून घातक प्रकार म्हणजे रात्रपाळीत एकट्या शिकाऊ उमेदवाराला पडद्यासमोर बसविणे. शिकाऊ उमेदवार रात्रपाळी करणारच असेल तर जाणत्या माणसाच्या शेजारी. एकट्याला बसविले तर ती उमेदवारी नव्हे, आणि तो पहाराही नव्हे.

खाजगी क्लासांविषयीही बोललेच पाहिजे. 'सहा महिन्यांत सायबर तज्ज्ञ व्हा, शंभर टक्के नोकरीची हमी' अशा जाहिराती आपण पाहतो. ह्यांत काही प्रामाणिक शिक्षक असतीलही. परंतु जमिनीचा तुकडा गहाण ठेवून मुलाला तेथे पाठविण्यापूर्वी बापाने एवढे लक्षात घ्यावे, की शिकाऊ उमेदवारीत पैसा मालकाकडून उमेदवाराकडे जातो. कोणी उमेदवाराकडूनच 'उमेदवारीची फी' मागत असेल तर ती उलटी गंगा आहे. पायाभूत शिक्षण आयटीआयमध्ये मिळते. संगणक चालविण्याचा आणि प्रोग्राम लिहिण्यास साह्य करण्याचा जो 'कोपा' नावाचा अभ्यासक्रम आहे तो एक वर्षाचा असून दहावी पास मुलाला खुला आहे. सायबर सुरक्षेचे अभ्यासक्रमही आता शासनमान्य यादीत आले आहेत. इंग्रजीची भीती मात्र बाळगू नये. लॉगमधली इंग्रजी ही शेक्सपिअरची इंग्रजी नव्हे. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि महिनाभरात ते ओळखीचे होतात.

मग आपल्या तालुक्यांत हे घडत का नाही? कारण सरळ आहे. मुलाला शेजारी बसवून शिकवील असा उस्ताद लहान संस्थेत नसतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, आणि 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने बँकांच्या चार पायऱ्या पाडल्या. सर्वांत वरच्या पायरीवरील बँकांनी स्वतःचे पहारा केंद्र उभारावयाचे. खालच्या पायरीवरच्या बँकेला तेवढे बंधन नाही आणि तेवढी ऐपतही नाही. ती हे काम बाहेरच्या कंत्राटदाराला देते. पतसंस्थांवर तर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. म्हणजे जेथे गरिबाची ठेव आहे तेथे पहारा सर्वांत विरळ. आणि मूल शिकले तर त्याला पुण्यास जावे लागते. सात हजारांत पुण्यात खोली, मेस आणि बसभाडे भागवून काय उरते, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मुलींच्या बाबतीत तर तो हिशेब घरातच थांबतो.

ह्या अडचणीवरचा तोडगा कायद्यातच आहे, आणि तो वाचून मला आनंद झाला होता. आठव्या कलमात असे म्हटले आहे की अनेक मालकांनी एकत्र येऊन, उमेदवारांना आपापल्या आस्थापनांत फिरवून, त्यांना प्रत्यक्ष कामाचे शिक्षण द्यावे. 2014 च्या दुरुस्तीनंतर हे काम मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्थेमार्फतही करता येते. अनेकांनी एकत्र येऊन करणे ही कल्पना बारामती-इंदापूरला कोणी समजावून सांगावयास नको. नीरा डावा कालवा 1885 चा. त्याच्या पाण्यावर आपण शेजपाळी शिकलो. आज ह्याचे रान, उद्या त्याचे, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचले की नाही ह्यावरून भांडणे. त्याच पाण्यावर ऊस आला, उसावर सहकारी कारखाने आले, त्यांच्या मागोमाग बँका आणि पतसंस्था आल्या. एकट्याला गाळपाची मिल परवडत नव्हती म्हणून सर्वांनी मिळून उभी केली. पहाऱ्याचे तेच करावे, असे माझे म्हणणे आहे.

कल्पना अशी. दोन तालुक्यांतल्या पाच-सहा बँका, काही पतसंस्था, दोन कारखाने आणि एखादा दूध संघ ह्यांनी मिळून बारामतीत एक सामाईक पहारा केंद्र चालवावे. त्यात दोन-तीन जाणते उस्ताद चांगल्या पगारावर नेमावेत. एका संस्थेला न पेलणारा पगार दहांत वाटला की पेलतो. त्यांच्या हाताखाली दहा-बारा उमेदवार, दीड वर्षाच्या कराराने. पहिले तीन महिने वर्गातले शिक्षण. ते येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये होऊ शकेल, बारामतीत शिक्षणसंस्थांना तोटा नाही. मग शेजपाळीने फिरावे. बँकेत राहून खातेवही आणि पासवर्डांची शिस्त शिकावी. कारखान्यात काटा आणि बॉयलरचे संगणक पाहावेत. पतसंस्थेत जाऊन राखीव प्रती कशा ठेवतात ते तपासावे. तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, एक निराळ्या गावी, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून दाखवावे. प्रत ठेवली आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात, ती कधी उघडून पाहिली का, असे विचारले की गप्प होतात. उरलेले महिने सामाईक केंद्रात, पडद्यासमोर, उस्तादाच्या शेजारी.

ह्यावर एक आक्षेप ऐकू येतो. मुले येथे शिकतील आणि जास्त पगारावर पुण्या-बंगळुरूला जातील, मग आमचा खर्च वाया. जातील, काही जातील. वालचंदनगरला शिकलेले फिटरही देशभर गेले, म्हणून वालचंदनगर बंद पडले नाही. ज्यांना घरची शेती आहे, म्हातारे आईबाप आहेत, ती राहतील; त्यांना टिकवावयाचे असेल तर मुदतीनंतरच्या नोकरीचे धोरण आधी लेखी ठरवावे लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. एका संस्थेची गुपिते दुसऱ्या संस्थेत फिरणाऱ्या मुलांच्या हाती कशी द्यावयाची? त्याला उपाय आहेत. गुप्ततेचा करार हवा, उमेदवाराला नोंदी पाहता याव्यात पण खात्यांना हात लावता येऊ नये अशी व्यवस्था हवी, आणि त्याने काय पाहिले ह्याचीही नोंद पडावी. पहारेकऱ्यावर पहारा ठेवणे ह्यात अपमान नाही. बँकेतल्या रोखपालाची पेटीही रोज मोजली जाते.

जोपर्यंत असे केंद्र नाही तोपर्यंत जी मुले आजच करार करीत आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. करार शासनाच्या शिकाऊ उमेदवारीच्या संकेतस्थळावर नोंदला गेला आहे की नाही, हे स्वतः पाहावे. नोंद नसेल तर कायद्याच्या दृष्टीने आपण उमेदवार नाही. करारावर व्यवसायाचे नाव काय लिहिले आहे ते वाचावे. 'ऑफिस सहायक' असे लिहिलेले असून तोंडाने 'सायबर' म्हणणारे असतात. महिन्याच्या कोणत्या तारखेला विद्यावेतन मिळणार आणि ते बँकेतच जमा होणार का, हे विचारावे. कामावर इजा झाल्यास भरपाई मालकाने द्यावयाची असते. तंटा झाला तर दाद मागावयाची ती शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे. मुदतीअखेर परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे, हेही पहिल्याच दिवशी विचारावयाचे प्रश्न आहेत. आणि आपल्याला शिकविणाऱ्या माणसाचे नाव विचारावे. 'सगळेच शिकवतील' असे उत्तर आले तर कोणीच शिकविणार नाही असे समजावे.

शिवाय एक वही घालावी. आज कोणती घंटा वाजली, आपल्याला काय वाटले, उस्तादाने काय सांगितले, आणि खरे काय निघाले, असे चार रकाने. दुसऱ्या रकान्याचा आणि चौथ्या रकान्याचा मेळ पहिल्या महिन्यात क्वचितच बसतो. सहाव्या महिन्यात तो कितीदा बसू लागला ते मोजावे. आणि सहा महिन्यांनंतरही वहीत पासवर्ड आणि प्रिंटर ह्यांखेरीज काही नसेल, तर ती वही घेऊन सल्लागाराच्या कचेरीत जावे, किंवा आमच्या युनियनच्या. आमचे दार संध्याकाळी सहानंतर उघडे असते.